तीनच्या पुढचा आकडा

डार्सी बाकेनला कौतुक पचवायला कुणी शिकवलंच नव्हतं. नॉर्थ डकोटातल्या त्या गावात ते शिकवतच नाहीत. लेकीने पहिला नंबर काढला तर आई म्हणते, "बरं झालं, आता ताटं मांड." कुणी नवं घर बांधलं तर शेजारी म्हणतो, "छप्पर गळत नाही ना? मग झालं." स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस तिथे चोरापेक्षा वाईट. चोराला निदान गरज तरी असते!

डार्सीने एकोणीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटात बटाटे वाढले. ती त्रेचाळीस वर्षांची असताना तिथला कॉम्प्युटर बंद पडला. तिने जेवणाच्या सुट्टीत खटपट करून तो सुरू केला, आणि बाईला ते वेडच लागलं. पंचेचाळीस मैलांवरच्या कॉलेजात दर सत्राला दोन-दोन विषय घेत तिने कॉम्प्युटरची पदवी काठापर्यंत ओढत आणली. आता राहिले होते फक्त तीन क्रेडिट, तेही इंटर्नशिपचे. म्हणजे वर्गात बसायचं नाही. बाहेर कुठेतरी खरंखुरं काम करायचं, एकशे पस्तीस तास भरायचे, काय शिकलो ते दर आठवड्याला लिहायचं, आणि शेवटी तिथल्या साहेबाने गुणांचा फॉर्म भरून द्यायचा. डिसेंबरात पदवी हातात पडली तर त्याच शाळेतले सगळे कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी तिला मिळणार होती. नाही पडली तर ती जागा दुसऱ्याला, आणि डार्सी परत बटाट्यांपाशी.

काम मिळालं गावच्या सहकारी धान्यकोठारात. तिथला व्यवस्थापक ऑर्विल क्वाम, वय अडुसष्ट. दिवसाला मोजून चाळीस शब्द बोलायचा, त्यातले तीस हवेबद्दल. गव्हाच्या हंगामात भुईकाट्यापुढे ट्रकांची ही रांग लागायची. पावत्या हाताने लिहायच्या, मग संध्याकाळी त्याच पुन्हा टाइप करायच्या. शेतकरी दोन-दोन तास उन्हात ताटकळायचे.

डार्सीने उन्हाळाभर बसून प्रोग्रॅम लिहिला. ट्रक काट्यावर चढला की वजन आपोआप नोंदलं जाई, पावती बाहेर येई, आणि रांगेतल्या पुढच्याच्या फोनवर निरोप जाई की अमुक खड्डा रिकामा आहे, तिकडे गहू ओता. ऑगस्टमध्ये रांगच दिसेना. लोकांना वाटलं, यंदा पीक गेलं की काय!

हंगाम संपला आणि ऑर्विलने फॉर्म भरला. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. त्याने सगळीकडे तीन लिहिले आणि खाली एक ओळ: "काम झालं. तक्रार नाही."

डार्सीने ते गाडीत बसून वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. तक्रार नाही! ऑर्विलने हे सख्ख्या भावाबद्दलसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. विद्यार्थ्यानेही स्वतःला गुण द्यायचे होते. तिनेही दहाच्या दहा ठिकाणी तीन लिहिले, आणि जरा जास्तच झालं का, असा विचार करत दोन्ही फॉर्म पाठवून दिले.

आठवड्याने कॉलेजातून पत्र आलं. ते लिहिलं होतं इंटर्नशिपचं काम बघणाऱ्या डॉक्टर योलांडा पाचेको यांनी, त्याच वर्षी दूरच्या ॲरिझोनाहून आलेल्या. सरासरी चारच्या खाली आहे, सबब क्रेडिट देता येत नाहीत. काम समाधानकारक न झाल्याचं वाईट वाटतं. हरकत असल्यास गुरुवारी समितीपुढे यावं, साहेबांनाही आणता येईल. डार्सीच्या पायांखालची जमीनच सरकली.

ती तडक कोठारावर गेली. "ऑर्विल, हे तीन जरा बदलाल का?" विचारतानाच तिचे कान लाल झाले.

"का? दोन करू?"

"नाही हो! चार."

ऑर्विलने कॉफीचा कप खाली ठेवला. "तीन म्हणजे जसं हवं तसं. त्याच्याहून जास्त माणूस करणार कसं? मी खोटं लिहून देऊ?"

"पण मी नापास होतेय!"

"तिनाला नापास करतात? कुठली माणसं आहेत ही?"

"ॲरिझोनाची."

"हं." जणू आता सगळा उलगडा झाला. "गुरुवारी किती वाजता?"

गुरुवारी तो धुतलेली टोपी हातात धरून समितीपुढे बसला. समोर पाचेकोबाई आणि दोन प्राध्यापक.

"मिस्टर क्वाम, यांचं काम जेमतेम होतं ना?" पाचेकोबाईंनी विचारलं.

"जेमतेम कोण म्हणालं?"

"तुम्ही तीन दिलेत."

"तेच तर म्हणतोय मी."

"बरं, आजवर चार कुणाला दिलेत?"

"कुणाला नाही."

"आणि स्वतःला किती द्याल?"

ऑर्विलने प्रामाणिकपणे विचार केला. "दोन. चांगल्या वर्षी अडीच."

एका प्राध्यापकाला हसू आवरेना. पाचेकोबाईही हसल्या, पण लगेच सावरून म्हणाल्या, "आलं लक्षात. पण हसण्यावर क्रेडिट देता येत नाहीत हो. मिसेस बाकेन, तुम्हीसुद्धा स्वतःला तीनच दिलेत. आता तुम्हीच सांगा, काय केलंत आणि त्याला किती गुण. पटलं तर आम्ही तोच आकडा धरू."

"तसं फार काही नाही केलं मी," डार्सी म्हणाली.

तोंडातून शब्द गेला आणि तिला स्वतःचाच असा संताप आला! चार वर्षं बर्फातून गाडी हाकली, परीक्षेच्या आदल्या दिवशी दोनशे पोरांना जेवू घातलं, ते काय हे सांगायला? ती उभी राहिली. उभं राहायची काही गरज नव्हती.

"केलं. पुष्कळ केलं. चौदा ऑगस्टला एकशे बारा ट्रक आले. अकरा मिनिटांच्या वर कुणी थांबलं नाही. आधी दोन तास लागायचे. काट्याशी बोलणारा भाग तीनदा फसला, तीनदा पुन्हा लिहिला. कुणी मदत केली नाही, कारण तिथे कुणाला येतच नाही. मी केलं ते. मी एकटीने."

इतक्या वेळा 'मी' तिने जन्मात म्हटलं नव्हतं. ऑर्विल लाजून जमिनीकडे बघत होता.

"खरं आहे का हे, मिस्टर क्वाम?"

"अक्षर न् अक्षर."

"मग किती धरायचे, मिसेस बाकेन?"

"पाच."

"अगं, चार तरी म्हण!" ऑर्विल पुटपुटला.

"नाही ऑर्विल. पाच! एकही कमी नाही."

समितीने एकमेकांकडे पाहिलं. पाचेकोबाईंनी पाच लिहिले, खाली सही केली, बाकीच्या दोघांनीही केली. तीन क्रेडिट जमा झाले. पदवी आली, नोकरी आली, बटाटे सुटले. डार्सीला तिथल्या तिथे एक गिरकी घ्यावीशी वाटली, पण तिने सगळ्यांशी हात मिळवण्यावर भागवलं.

बाहेर गाडीपाशी ऑर्विल बराच वेळ घुटमळला. आभाळाकडे पाहिलं, वाऱ्याबद्दल काहीतरी बोलला, टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली.

"पुढच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली की काट्यावर ये," तो म्हणाला. "तुझ्यावाचून जमायचं नाही आम्हाला."

एरवी ती म्हणाली असती, छे, काहीतरीच काय.

"ठाऊक आहे मला," डार्सी म्हणाली.