वंदनाचं काम, माझं नाव

मी चोर आहो.

आज वंदनाले जाऊन एक वर्ष झालं. आज तरी खरं लिहितो.

सकाळपासून आमच्या सरांचं स्टेटस फिरून राह्यलं. "आमची गुणी विद्यार्थिनी." खाली जोडलेले हात, फुलं, दिवा.
सर, थोडी तरी लाज वाटते का हो?

वंदना पोंभुर्ण्याकडची. बाप तलावात मासे धरणारा. पोरगी आमच्या लॅबमध्ये क्वांटम वेलवर पीएचडी करत होती.

क्वांटम वेल म्हणजे सेमीकंडक्टरचा एक पातळ थर, दोन दुसऱ्या थरांच्या मधात दाबलेला. जाडी मोजून काही अणूंची. इलेक्ट्रॉन त्यात अडकते. लेझर मारला की थर प्रकाश देते, अन् जाडी बदलली की प्रकाशाचा रंग बदलते.

आमच्या सॅम्पलचा प्रकाश धड एका रंगाचा येतच नव्हता. पसरट यायचा.
सर म्हणाले, "खराब आहे, फेका."
मी फेकाले निघालो होतो.

"थांब न बे रोशन," वंदना म्हणे. "तू अख्ख्या सॅम्पलवर एकदमच लेझर मारून राह्यला. आमचे बाबा जाळं टाकायच्या आधी तलावात दहा जागी बांबू खुपसून पाहतात. तळ कुठी सारखा रायते का?"

नखाएवढं सॅम्पल. त्याच्यावर लेझरचा बारीक ठिपका ठेवून तिनं जागोजागी रीडिंग घेतले. तीन आठवडे. सिकलसेल होता तिले, रक्ताचा आजार. एसीच्या गारठ्यात हातपाय ठणकायचे, गोळी खायची अन् पुन्हा बसायची.

अन् निघालं ना! प्रत्येक जागी रंग धड एकच, पण जागा बदलली की वेगळा; थर एका बाजूले पातळ होत गेला होता. सॅम्पल चांगलं होतं, आम्हीच नीट मोजलं नव्हतं.

पेपर छापून आला. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं.
वंदना कुठी? शेवटच्या ओळीत. "मदतीबद्दल आभार."
अरे, मदत कोणी कोणाले केली होती?

तिनं मले एवढंच विचारलं, "तू काऊन नाई बोलला?"
मी म्हणालो, "पुढच्या पेपरमध्ये टाकू न."
तीन महिन्यांत ती सिकलसेलनं गेली.

तेरवीले मी तो पेपर घेऊन तिच्या घरी गेलो. तिच्या बाबाले, म्हणजे काकाले, इंग्रजी वाचता येत नाई.
"बाबू, माह्या पोरीचं नाव कुठी हाय? बोट ठेव."

मी माझ्याच नावावर बोट ठेवलं.

काका त्या जागेवरून किती वेळ हात फिरवत होते. आता तो कागद लॅमिनेट करून तिच्या फोटोखाली लावला आहे. आल्यागेल्याले दाखवतात.

आज जर्नलले मेल टाकला, हे काम वंदनाचं आहे म्हणून. तिच्या अक्षरातली रीडिंगची अख्खी वही स्कॅन करून जोडली. सर, तुम्हाले कॉपी पाठवली आहे. माझी पीएचडी अडवायची तर खुशाल अडवा.

आता पोंभुर्ण्याच्या एसटीत बसलो आहो. काकाले समोर बसून सांगतो, तुम्ही वर्षभर ज्याच्यावर हात फिरवला ते नाव माझं आहे. मारतील तर मारू दे.

वंदना, मले माफ नको करू.
फक्त माझा हा नमस्कार घे.