ऑपरेशनआधीची दिवाळी

डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि माझ्या मुलाला आत ठेवून घेतलं, तेव्हाच मला काय ते कळलं. रत्नागिरीतला तो दवाखाना बायका-पोरांनी भरलेला होता. प्रकाश बाहेर आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आये, साधी गाठ हाय. काढून टाकायची." त्याच्या हातातला कागद त्यानं चार घड्या घालून खिशात ठेवला. साध्या गाठीचा कागद कुणी असा लपवत नाही.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीची बालवाडी चालवायचे. सातवीपर्यंत शिकलेली. कॅन्सर हा शब्द मला वाचता येत होता.

गाठ मला आषाढात आंघोळ करताना लागली होती. डाव्या छातीत, सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून गप्प राहिले. खरं सांगायचं तर दुखत असती तरी गप्पच राहिले असते. कुणाला सांगणार? मालक, म्हणजे पोरांचे वडील, मुंबईला गोदीत कामाला, प्रकाशही त्यांच्याच खोलीवर. गणपतीत सगळे आले, तेव्हा फक्त मुलीला, सुनंदाला सांगितलं. तोवर ती सुपारीची लिंबाएवढी झाली होती. सुनंदानं मला देवरुखला डॉक्टरकडे नेलं, तिथून रत्नागिरीला. तिथे बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा निकाल दसऱ्यानंतर आला. तो घ्यायला प्रकाश मुंबईहून आला होता आणि आता तो कागद त्याच्या खिशात होता.

ऑपरेशन लगेच होणार नव्हतं. माझं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातली ताकद, सातवर होतं. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस चांगलं खाऊपिऊ घाला, इंजेक्शनं द्या, मग भरती करा." हेही ते प्रकाशलाच म्हणाले.

ते पंधरा दिवस दिवाळीचे आले. तार गेली आणि मालक रजा काढून आले. पंचवीस वर्षांत ते पहिल्यांदा दिवाळीला घरी होते. त्यांची रजा गणपती आणि शिमग्यातच संपायची. एवढ्या संसारात आम्ही तीन वर्षंसुद्धा एका छपराखाली काढली नसतील. सुनंदा सासरहून आली. घर भरलं.

आणि मला काही करू देईनात. भात पिकून उभं होतं. दर वर्षी मी चार बायका घेऊन कापायचे. त्या वर्षी मला आंब्याच्या सावलीत खुर्चीवर बसवलं आणि मालक विळा घेऊन खाचरात उतरले. तासाभरात त्यांनी शेजाऱ्याच्या बांधापलीकडचं भात कापायला घेतलं. आपली हद्द कुठे संपते ते त्यांना माहीतच नव्हतं. शेजारी ओरडत आला. सुनंदा हसून हसून खाली बसली. मीही पोट धरून हसले. आणि मग लक्षात आलं, बाकीचे हसायचे थांबलेत आणि माझ्याकडे बघतायत. प्रकाश तर असा बघत होता, जणू माझं हसणं त्याला पाठ करून ठेवायचं होतं.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. मी भाकरी खाल्ली की सगळे बघायचे. मी उठले की बोलणं थांबायचं. सुनंदा अंडी, कलेजी, नाचणीची आंबील पुढे करायची. घर कधी नव्हे इतकं गोड झालं होतं आणि मी त्यात पाहुणी होते. ज्यांना ही वेळ येईल त्यांना सांगते, एकटं राहणं मला सवयीचं होतं. माणसांनी भरलेल्या घरातलं एकटेपण मला झेपेना.

दिवाळीच्या पहाटे सुनंदानं मला तेल लावलं. पाठ, खांदे, मान. डाव्या खांद्याशी आली आणि तिचा हात थांबला. मग ती पायांकडे वळली. बाहेर मालक पायाखाली कारीट फोडून पोह्यांची वाट बघत होते. नव्या भाताचे पोहे, दह्याचे, गुळाचे. चौघांनी एका वेळी पानावर बसून खाल्ले. मला फार बरं वाटलं, हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी प्रकाशनं संगमेश्वरहून फोटोग्राफर आणला. आमचा चौघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता. खळ्यात उभे राहून काढला. मग प्रकाश फोटोग्राफरच्या कानाशी काही बोलला. तो म्हणाला, "आता मावशींचा एकटीचा. छातीपर्यंत घेतो."

मी पदर सारखा केला. खुर्चीत बसले. आणि एकाएकी समजलं.

"प्रकाश, ह्यो फोटो कशाला रे?"

"असूदे म्हणून, आये."

"हार घालायला?"

सुनंदा तोंडाला पदर लावून आत पळाली. प्रकाश जमिनीकडे बघत राहिला. मालकांनी फोटोग्राफरला पडवीत चहाला बसवलं आणि येऊन माझ्याजवळ पायरीवर बसले.

"मना पुरता काय म्हायती नाय गो," म्हणाले. "डॉक्टर प्रकाशला सांगतो, प्रकाश मना निम्मा सांगतो."

"मना तर तेवढाही कुणी सांगत नाय."

"तू इचारलास नाय."

"तुम्ही बोललात नाय."

ते मान हलवत राहिले. मग मी विचारलं, "मी मरेन काय?"

"म्हायती नाय," ते म्हणाले. "भरती व्हायच्या दिवशी तूच डॉक्टरला इचार. मी संगती बसतो."

त्या पंधरा दिवसांत माझ्याशी कुणी बोललेलं तेवढंच खरं होतं. मला त्यानं धीर आला.

भरती झाले त्या दिवशी मी खुर्ची ओढून डॉक्टरांसमोर बसले आणि म्हटलं, "काय काय कापणार ते मला सांगा." डॉक्टर चपापले. म्हणाले, "घरच्यांनी सांगू नका म्हटलं होतं." मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. मॅस्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन काढायचा, काखेतल्या गाठीही काढायच्या. हात काही दिवस वर जाणार नाही. "बऱ्या व्हाल, अशी मला आशा आहे," ते म्हणाले, "खात्री आज देता येत नाही." मालक माझ्या शेजारी घाम पुसत होते, पण उठले नाहीत.

शुद्धीवर आले तेव्हा छातीवर जड पट्टा आणि कडेला एक नळी होती. तिला ड्रेन म्हणतात, आत साठणारं पाणी तिच्यातून बाटलीत उतरतं. बायकांच्या वॉर्डात मालकांना भेटीच्या वेळेपुरतंच येता यायचं. बाकीचा दिवस मी छताकडे बघत असे. नर्स मला भिंतीपाशी उभी करायची आणि बोटांनी भिंत चढायला लावायची. रोज एक बोट जास्त. काखेतल्या गाठी साफ निघाल्या, त्यांत कॅन्सर नव्हता, हे तीन आठवड्यांनी कळलं.

मालकांची रजा संपली. प्रकाश गेला, सुनंदा गेली. घर पुन्हा माझं एकटीचं झालं. त्या दिवशी पहिल्यांदा न्हाणीत पूर्ण पदर काढून बघितलं. एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला शिवण. रडले. पाणी थंड होईपर्यंत बसून राहिले.

वाडीतल्या बायका विचारपूस करायला यायच्या. नजर पदरावर, तोंडात हवापाणी. एक दिवस बालवाडीत पोरांना सोडायला आलेल्या आयांना मी थांबवलं आणि काय झालं, कुठे झालं, मी दोन महिने कशी गप्प राहिले, ते सगळं रोगाचं नाव घेऊन सांगितलं. दोघीतिघी लाजून निघून गेल्या. मला वाटलं, फुकट गेलं.

आठवड्यानं भावकीतली जाऊ गंगू दुपारची आली. उंबऱ्यात घुटमळली. म्हणाली, "वहिनी, माजा जरा बगता काय?"

मी दार लावून घेतलं.

तिची गाठ पुढे साधी निघाली. पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. आम्ही दोघी देवरुखच्या एसटीत बसलो होतो. खचाखच गाडी, सगळी ओळखीची माणसं. मागून कुणीतरी विचारलं, "काय गो, सकाळसकाळी दोघी खंय?"

मी तोंड उघडायच्या आत गंगू मागे वळली. तिचे कान लाल झाले होते.

"छातीत गाठ हाय माज्या," ती म्हणाली. "दाखवायला चाललंय."