सॉरी नव्हे, सरी

“मंजुळाला बोलायला उभं करू नका,” प्राचार्य म्हणाले आणि स्कोअरशीट माझ्यापुढे सरकवली. “इंटरनॅशनल राउंडला दहा दिवस उरलेत. रिझर्व्हला घ्या.”

मी बंगळुरात वकिली करते आणि एका लॉ कॉलेजच्या मूट कोर्ट टीमला शिकवते. मूट म्हणजे लुटुपुटूचा खटला. कागदावरचे दोन देश भांडतात, विद्यार्थी त्यांचे वकील होतात. समोर बसलेले जज मध्येच अडवून प्रश्न विचारतात आणि खरी परीक्षा तिथेच असते. पाठ केलेलं भाषण काय, कोणीही म्हणतं.

या वर्षीच्या खटल्यात एका देशाने नदीवर धरण बांधलं होतं. शेजाऱ्याला आधी कळवलं नाही, असा आरोप होता. आम्ही धरणवाल्यांचे वकील, त्यामुळे ‘कळवलं होतं’ हा आमचा मुख्य मुद्दा. ऑनलाइन सरावाला तीन परदेशी जज होते. मला त्या दिवशी कोर्टात तारीख होती, म्हणून मी नव्हते. तिघांनीही मंजुळाबद्दल जवळजवळ एकच लिहिलं होतं. सारखी माफी मागते, कळवण्याचा मुद्दा सोडून दिला.

माफी मागणारा वकील मला खपत नाही. मी शीट वाचली आणि तिला बदलण्याच्या कागदावर सही करून टाकली.

मंजुळा चामराजपेटची. घरचं शिवणकामाचं दुकान, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, घरात कन्नड मिसळलेलं मराठी. दोन वर्षं ती मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, लिहायची आणि बोलायचं दुसऱ्यांनी. यंदा पहिल्यांदा तिची पाळी आली होती. हे तिचं शेवटचं वर्ष, म्हणजे पुन्हा संधी नव्हती.

मी निर्णय सांगितला तेव्हा ती वाद घालेल असं वाटलं होतं.

“मॅडम, मी एकदा पण सॉरी म्हटलं नाही,” ती म्हणाली. “पण तीन जजनी लिहिलंय म्हंजे म्हटलं असंल की.”

ते मला लागलं. न केलेली गोष्ट कबूल करणारे साक्षीदार मी पाहिलेत. तेव्हा माझे कान टवकारतात. इथे मीच सही करून मोकळी झाले होते. मी तशीच स्टाफरूममध्ये गेले आणि रेकॉर्डिंग लावलं.

जज विचारतात, “म्हणजे तुमच्या देशाने शेजाऱ्याला कळवलंच नाही?” मंजुळा म्हणते, “सरी,” आणि मग उत्तर सुरू करते. पुढचा प्रश्न. पुन्हा “सरी.” मी एकटीच हसले. मग हसू आलं तसं गेलं.

आमच्याकडे बंगळुरात कन्नड ‘सरी’ म्हणजे बरं, ठीक, ऐकलं. रिक्षावाला म्हणतो, भाजीवाली म्हणते, मी सांगलीची असून मीही म्हणते. प्रश्न नीट ऐकला की मंजुळाच्या तोंडून तो शब्द आपसूक निघायचा. सातासमुद्रापलीकडे तो ‘सॉरी’ होऊन पोचला होता.

मी प्राचार्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं.

“यात चुकलं काय?” त्यांनी विचारलं.

“तेच तर. आपल्याला सरी ऐकू येतं, त्यांना माफी.”

“दहा दिवसांत ही सवय जाईल?”

“माझ्यावर सोडा.”

ते जरा विचारात पडले. “सरी,” म्हणाले, आणि माझ्या सहीचा कागद फाडला.

मी त्या शब्दावर बंदी घातली. त्यामुळे मंजुळा प्रश्न आला की गप्पच व्हायला लागली. त्या एका शब्दात ती विचार करून घेत होती, आणि मी तो वेळच काढून घेतला होता. मग मी तिला म्हटलं, सरी हाताने म्हण. प्रश्न संपला की पेन टेबलावर ठेव, मग बोल. दोन दिवस नुसती पेनांची टकटक ऐकली. तिसऱ्या दिवशी उत्तरं ऐकू यायला लागली.

इंटरनॅशनल फेरी इथेच, विमानतळाकडे देवनहळ्ळीजवळच्या एका हॉटेलात होती. सेमीफायनलला एका जजने तोच प्रश्न विचारला, जरा खोचकपणेच. मंजुळाने पेन खाली ठेवलं.

“नाही, युअर एक्सलन्सी. कळवलं होतं. पत्र जोडलेलं आहे.”

आम्ही हरलो. समोरची टीम चांगली होती, उगाच कशाला लपवू. पण मंजुळाच्या शीटवर लिहिलं होतं की या वकिलाने एकही मुद्दा सोडला नाही. मी ते तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि मला फार बरं वाटलं. हल्ली मी आधी रेकॉर्डिंग ऐकते, शीट मागाहून वाचते. वकिलाला हे कोणी शिकवायला लागू नये, पण मला लागलं.

बाहेर कॅबची वाट बघत होतो.

“मंजुळा, मी न ऐकताच सही केली होती,” मी म्हटलं. “सॉरी.”

तिने हातातलं पेन पर्समध्ये टाकलं.

“सरी, मॅडम.”