कुणाच्या आशीर्वादाने?

आज सकाळी पालिकेचा ट्रक आमच्या नाक्यावरच्या मावशींच्या पोह्यांच्या हातगाडीपाशी थांबला. साहेबांनी विचारलं, "काय बाई, ही गाडी कुणाच्या आशीर्वादाने लागते इथे?"

मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "सासूबाईंच्या, साहेब. जाताना म्हणाल्या होत्या, तुझ्या हाताला यश येईल."

"मग त्यांना म्हणावं, वरून फोन करा!" साहेब हसले, आणि माणसांनी हातगाडी उचलून ट्रकात टाकली.

मी सातवीत शाळा सोडली. पण आशीर्वाद मला ठाऊक आहे. गाव सोडताना आईने डोक्यावर हात ठेवला, तो. या परक्या शहरात पहिल्या दिवशी मावशींनी बशी पुढे करत "सुखी राहा रे लेकरा" म्हटलं, तो. त्यात वशिला कुठून शिरला? वशिल्याला वशिला म्हणा, हप्त्याला हप्ता म्हणा. आयाबायांच्या तोंडचा शब्द कशाला बाटवता? हे तिथेच ओरडावंसं वाटलं. पण मलाही विचारतील, तू कुणाचा माणूस, म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो.

ट्रक गेल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "माझं काही बोलायचं चुकलं का रे?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "तुमचं मराठी बरोबर आहे. साहेबांचं चुकलं."