मेथीच्या लाडवांचा वास

शेजारी बाळंतिणीसाठी मेथीचे लाडू करतायत. गुळाच्या पाकात मेथी पडली आणि मी उठून खिडकी लावली. तरी माझ्या घरभर येरझाऱ्या चालूच आहेत. इतकी वर्षं झाली, पण नाक अजून चौकशी करतंच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी आनुवंशिक आजारांवर संशोधन करत होते. शिरपूरजवळच्या एका खेड्यात आठवड्याचं बाळ दूध ओढेनासं झालं होतं. आईचं पहिलं मूल असंच गेलेलं. मी बाळाचं ओलं दुपटं नाकाशी धरलं. करपलेल्या साखरेसारखा गोडसर वास. मी ज्या रोगाच्या शोधात गावोगाव हिंडत होते, त्याचाच. पण आईनं मेथी खाल्ली, तरी बाळाच्या लघवीला असाच वास येतो.

"मेथीचे लाडू खातेस ना गं?" मी विचारलं. हो म्हण, एवढंच मनात.

तिनं दुपटं माझ्या हातातून काढून घेतलं.

"पहिलाले बी असाच वास ये, ताई. घरना बठ्ठा म्हनेत, मेथीना वास शे. म्हनीसन यंदा मी लाडूले हात बी लावा नही."