वॉर्ड सभेतली माझी खुर्ची

विद्यानगरात आमच्याकडे पाचव्या दिवशी पाणी येतं. वरच्या गल्लीत, म्हणजे आमच्याकडे, ते तीन तास चालतं. खालच्या गल्लीत जेमतेम सव्वा तास, कारण तिथला व्हॉल्व्ह शेवटी उघडतात. हे मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे.

खालच्या गल्लीतल्या अक्का कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ चालवतात. पाण्यापायी त्यांनी रात्रीचं जेवण बंद केलं होतं. दुपारचंही बंद पडायच्या बेतात होतं.

"वॉर्ड सभेत तुम्हीच बोला, अण्णा," त्या म्हणाल्या. "मी बोलले तर भांडखोर म्हणतील. तुमचा हिशोब ऐकतील तरी."

सभेत त्या मागच्या रांगेत बसल्या, मी पुढे. नगरसेवकांनी मला पाहिलं आणि माइकवरूनच कानडीत हाक मारली, "बर्री सर, बर्री! इल्ले कूड्री!" या, इथंच बसा. शेजारची खुर्ची रिकामी करून मला व्यासपीठावर बसवलं. खांद्यावर शाल, गळ्यात हार, मांडीवर फळांची परडी. जागरूक नागरिकाचा सत्कार. आपल्याकडे सत्कार घेऊन त्याच तोंडानं कुणी तक्रार करत नाही. आभाराचे चार शब्द बोलायचे असतात, ते मी बोललो. पाण्याचं नंतर काढू म्हटलं.

दिवे झाले, गटारी झाल्या. मग चहा फिरत असतानाच कुणीतरी वाचलं, "पाण्याच्या सध्याच्या वेळा कायम. सगळ्यांना मंजूर?" समोरचे हात वर गेले, व्यासपीठावरचेही गेले. माझाही गेला. गडबडीत विषय कळला नाही असं म्हणता येईल. पण मला कळला होता.

बाहेर पडताना अक्का म्हणाल्या, "शाल शोभते हो तुम्हाला. घडी मोडू नका, पुढच्या सभेला लागेल."

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन पालिकेच्या कार्यालयात गेलो. कारकुनानं तो वाचला. "ठराव एकमतानं झालाय सर, आता पुढच्या सभेतच बदलेल." मग जरा हसून म्हणाला, "तुम्ही तर वरच बसला होतात." त्याचं काहीच चुकत नव्हतं. लोकांना विचारलं होतं, लोकांनी हात वर केले होते.

संध्याकाळी अक्कांना खरं ते सांगितलं, की विषय कळूनही मी हात वर केला होता, आणि म्हटलं, पाण्याच्या दिवशी आमच्या नळाला पाइप लावत जा. त्या हो म्हणाल्या. दुपारचं जेवण टिकलं. रात्रीचं अजून बंदच आहे.

आता दर पाचव्या दिवशी त्या फाटकाशी येऊन विचारतात, "लावू का, अण्णा?" नाही विचारलं तरी चालेल, असं मी दोनदा सांगून पाहिलं. त्या विचारतातच. मागच्या वेळी झुणक्याचा डबाही आणला. "तुमचे उपकार आहेत," म्हणाल्या, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता.