सरांचे बूट

सरांचे तपकिरी बूट एक अख्खा पावसाळा आमच्या पोलादपूरच्या घरात होते. स्वयंपाकघराच्या दाराशी, तांदळाच्या पिंपाला टेकवून ठेवलेले. मीच आणले होते ते.

लोक मला गरीब समजतात. मी कमी बोलते, कुणी आवाज चढवला की मान खाली घालते, आणि मराठी बोलताना मध्येच शब्द शोधत थांबते, कारण पहिलीपासून सगळी शाळा इंग्रजीत झाली. अशा मुलीच्या मनात काही साचून राहत असेल असं कुणाला वाटत नाही. मला ते सोयीचं पडतं.

सर म्हणजे महाडजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचे प्रमुख. ते सरकारी अनुदानावर चालतं, उपचार फुकट. आणि मी नोकरी करते ती अशा केंद्रांना तांत्रिक साहाय्य देणाऱ्या सरकारी पथकात. पथकाच्या प्रमुख एक डॉक्टर मॅडम आहेत, मी सगळ्यांत धाकटी. लोक उपचाराला का येत नाहीत, आले तर का टिकत नाहीत, हे केंद्रातल्याच माणसांबरोबर बसून शोधायचं आणि एकेक गोष्ट बदलून बघायची, असं आमचं काम. प्रत्येक ठिकाणी सुरुवातीला एक वाक्य म्हणायचं असतं: "आम्ही तपासणीला आलेलो नाही, मदतीला आलो आहोत." महाडला ते मॅडम म्हणाल्या. बरं झालं. माझ्या तोंडून ते खोटं निघालं असतं.

कारण ते केंद्र मी आधी पाहिलेलं होतं.

माझे पप्पा महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कंपनीत ऑपरेटर होते. पाळी सुटली की बिरवाडीत थांबून प्यायचे आणि मग घरी यायचे. घरी कधी हात उचलला नाही, कधी शिवी दिली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपायचे, बस. पुढे कामावरही झोपायला लागले आणि कंपनीने घरी बसवलं. मी अकरावीत होते तेव्हा खूप समजावल्यावर ते केंद्रात जायला तयार झाले. आईला अंगणवाडीतून सुटी मिळाली नाही, म्हणून त्यांना घेऊन मी एकटीच गेले.

केंद्राची एक पद्धत होती. दाखल होताना माणसाच्या चपला काढून घ्यायच्या आणि पिशवीत घालून नातेवाइकाच्या हातात द्यायच्या. बरा होऊन घरी निघेल त्या दिवशी त्यांनी त्या घेऊन यायच्या. अनवाणी माणूस पळून जात नाही, असा त्यामागचा हिशोब. दुसरी पद्धत साक्षीची. नव्या माणसाला अंगणात शहाबादी फरशीवर उभं करायचं, बाकीच्या रुग्णांनी भोवती बसायचं, आणि नातेवाइकाने सगळ्यांसमोर सांगायचं की हा घरी काय काय करतो.

आमच्या पणजोबांना वरच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्याव्या लागत. ही गोष्ट पप्पा मला दरवर्षी शाळेचे बूट घेताना सांगायचे, आणि मग दुकानातले सगळ्यांत चांगले बूट घ्यायचे. केंद्रातल्या माणसाने "चपला काढा" म्हटल्यावर वाकायला त्यांना फार वेळ लागला.

मे महिना होता. सर व्हरांड्याच्या सावलीत खुर्चीवर बसले होते.

"हं, बोला मॅडम. पप्पा काय काय करतात घरी?"

मला सांगायचं होतं की काही करत नाहीत, गप्प पडून राहतात, आणि तेच आम्हाला सहन होत नाही. एवढं मराठीत जुळेना. "ते... ते..." करत राहिले.

"इंग्लिश मीडियम वाटतं! मग इंग्लिशमध्ये सांगा ना. माय डॅडी इज..."

भोवतीची माणसं हसली. पप्पा एक पाय उचलून दुसऱ्यावर टेकवत होते, मग दुसरा उचलून पहिल्यावर. मला वाटलं ते लाजेने चुळबुळत आहेत. फरशी पोळत होती हे मला तेव्हा कळलं नाही, माझ्या पायात सँडल होत्या.

"सोडा हो पोरीला," पप्पा म्हणाले. "मीच सांगतो. मी पितो. झालं?"

"तुम्हाला विचारलंय का? चपलांबरोबर जीभपण ठेवून यायची."

पुन्हा हसू. मी परत आले ती त्यांच्या चपलांची पिशवी मांडीवर घेऊन. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, "नवीन घेतल्या काय गो?" मी हो म्हटलं.

काही दिवसांनी पप्पा भिंतीवरून उडी मारून निघाले आणि भर दुपारी हायवेने चालत पोलादपूरला आले. अनवाणी, मळक्या कपड्यांतल्या माणसाला कुणी गाडीत घेतलं नाही. तळपायांची कातडी सुटली होती. आई रोज खोबरेल लावायची आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यानंतर उपचाराचं नाव काढलं की उठून बाहेर जायचे. पिणं चालूच राहिलं. आमच्या आवाक्यातलं दुसरं केंद्र जवळपास नव्हतं. पप्पांना परत त्या फाटकातून आत न्यायचं मला इतक्या वर्षांत जमलं नाही. सरांना त्या फरशीवर उभं करायला मात्र कधीतरी जमलं पाहिजे, असं मी मनात धरून होते. नोकरीसाठी अर्ज केला तेव्हाही हेच डोक्यात होतं. मुलाखतीत वेगळं कारण सांगितलं.

सरांनी मला ओळखलं नाही. केस थोडे पांढरे झाले होते, आवाज तोच. पहिल्या बैठकीत मला चहा देताना म्हणाले, "या मॅडम बोलत नाहीत का काही?" मी हसले.

आमच्या कामात एक रीत आहे. केंद्राच्या प्रमुखाने स्वतः रुग्ण व्हायचं. गावातून निघण्यापासून दाखल होईपर्यंत, रुग्ण ज्या वाटेने येतो त्याच वाटेने यायचं, सोबत एक नातेवाईक घ्यायचा, आणि वाटेत कुठे काय टोचतं ते बघायचं. मॅडमनी ही रीत समजावून सांगितली तेव्हा सर खूश झाले.

"म्हणजे मी बेवडा? डुलत डुलत येऊ का? कॉलेजात नाटकात काम केलंय मी."

"नाटक नको," मॅडम म्हणाल्या. "कर्मचाऱ्यांनी रोज जे करता तेच करायचं. सूट द्यायची नाही. दिली तर उपयोग नाही."

"आणि नातेवाईक कोण?"

मी हात वर केला. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी बैठकीत स्वतःहून हात वर केल्याचं त्यांना आठवत नसावं. "छान," त्या म्हणाल्या. "तुझी भीड पण चेपेल."

पोलादपूरच्या स्टँडवरून आम्ही एसटीत बसलो. मे महिनाच होता. तारीख ठरवण्याचं काम माझ्याकडे असतं. सर खिडकीशी बसून घाम पुसत होते. महाडला उतरून रिक्षा केली. मी म्हटलं, "व्यसनमुक्ती केंद्र."

"बेवड्यांचा आश्रम ना? बसा." रिक्षावाल्याने आरशातून सरांना न्याहाळलं. "लय घेता काय काका? पोरगी बघा कशी सुकलीय. अवो, जरा तरी लाज पायजे."

"अहो, मी तिथला..."

"पप्पा, बसा ना शांत," मी म्हटलं.

रिक्षावाला हसला. "सगळे आसंच बोलतात. आमचा मेव्हणा पन बोलायचा, मी तितं मॅनेजर हाय."

सर फाटकापर्यंत बाहेर बघत बसले. मला ती रिक्षा आणखी लांब जायला हवी होती.

फाटकावर पाटी नव्हती, आत विचारायला कुणी नव्हतं, आणि बाकावर आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं. सर मान हलवून "हे बदलायला हवं" म्हणत होते. मॅडम व्हरांड्यात उभ्या राहून पाहत होत्या. मग चपला घेणारा कर्मचारी आला. तो पूर्वी तिथलाच रुग्ण होता, आता नोकरीला. सरांपुढे येऊन घुटमळला.

"सर, तुमचे नाय घेत."

"रोज घेता ना?" मी विचारलं.

"हा, रोज."

"मग घ्या."

सरांनी हसत हसत बूट काढले. चांगले चामड्याचे होते, नुकतं पॉलिश केलेले. मोजेही काढायला लागले, कारण मोज्यांना पद्धतीत जागा नव्हती. त्यांचे पाय गोरे आणि मऊ होते. कर्मचाऱ्याने बूट पिशवीत घालून माझ्या हातात दिले आणि सर अंगणात जाऊन फरशीवर उभे राहिले. रुग्ण भोवती बसले. त्यांच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता. सवयीने त्या कर्मचाऱ्यानेच मला विचारलं, "बोला ताई, पप्पा काय करतात घरी?"

मी बोलले नाही.

शब्द होते माझ्याकडे. इतक्या वर्षांत मी ते वाक्य मराठीत इतक्या वेळा जुळवलं होतं की झोपेतही म्हणता आलं असतं. पण मला बोलायला वेळ लागतो, हे सगळ्यांना माहीत होतं. मी मान खाली घातली, ओठ हलवले, "ते... ते..." म्हटलं आणि सरांच्या पायांकडे बघत राहिले. त्यांनी एक पाय उचलून दुसऱ्यावर टेकवला. मग दुसरा. टाचांवर उभं राहून पाहिलं. एक म्हातारा रुग्ण हसायला लागला, मग सगळेच. सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम माझ्याकडे पाहत थांबल्या होत्या. बिचारी धीर एकवटतेय, असं त्यांना वाटलं असणार. सरांचं हसू मावळलं, कपाळावरून घाम डोळ्यांत गेला, आणि मी आणखी थोडी थांबले.

"घरी काही करत नाहीत," मी शेवटी म्हटलं. "इथेच करतात."

कुणाला कळलं नाही. सर फरशीवरून अक्षरशः पळत सावलीत आले.

नंतरच्या बैठकीत ते मनापासून बोलले, हे मला सांगायला हवं, आणि सांगायला आवडत नाही. "फरशी पोळते हो. एवढी वर्षं मी खुर्चीत बसून बघत होतो, पाय हलवतात म्हणजे दारूची चुळबुळ, असं समजत होतो." चपला काढून घेणं आणि साक्ष, दोन्ही त्यांनी तिथल्या तिथे बंद केलं. मॅडमनी माझी पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या. मला मात्र उपाशी उठवल्यासारखं वाटलं. एवढं सहज सुटता येतं?

निघताना सरांनी हात पुढे केला. "मॅडम, माझे बूट?"

"बरे झाल्यावर मिळतील, सर."

ते खळखळून हसले, गंमत समजून. सगळे हसत होते तोवर मी पिशवी घेऊन फाटकाबाहेर आले आणि मिळाली ती एसटी पकडली. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: बूट तुमच्याकडे राहिले वाटतं? मी लिहिलं: नियमाप्रमाणे पुढच्या भेटीत. त्यांनी हसरा चेहरा पाठवला.

घरी पप्पांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "कोणाचे गो?"

मी सगळं सांगितलं. एकही शब्द शोधावा लागला नाही. त्यांच्या तोंडावर काहीतरी येईल म्हणून वाट बघत होते.

"मग घरी कसा गेला तो?"

"कारने."

"हां." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मग नाय झाली बरोबरी." आणि भिंतीकडे वळले. थोड्या वेळाने तिकडूनच विचारलं, "आता नाय काढून घेत चपला?"

"नाही. आजपासून बंद."



पावसाळ्यात आमच्याकडे चामड्याच्या कशालाही बुरशी धरते. मी त्या बुटांवर ती चढताना समाधानाने बघत होते. एका सकाळी पाहिलं तर बूट स्वच्छ. पप्पा दारात बसून जुन्या बनियनच्या तुकड्याने त्यांना खोबरेल चोळत होते. मला राग आला.

"कशाला करताय? कुजू देत."

"कुजवून दिले तर तो बोलंल, ही असलीच मानसं." त्यांनी बूट उजेडात धरला. "तू नको देऊस. मी देतो नेऊन."

पाऊस गेल्यावर आमची पुढची भेट होती. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो, तेव्हा पप्पा फाटकातून आले. धुतलेला शर्ट, पायात चपला, हातात पिशवी. कुणी अडवलं नाही.

"कोण हवंय?" सरांनी विचारलं.

"माझे वडील आहेत," मी म्हटलं. मॅडमनी झटकन माझ्याकडे पाहिलं.

पप्पांनी बूट काढून अंगणातल्या फरशीवर जोडीने ठेवले. "बुरशी धरली होती. पुसली मी. बघून घ्या."

सर बुटांकडे बघत राहिले, मग पप्पांच्या पायांकडे, मग माझ्याकडे. "तुम्ही... आधी आला होतात इथे?"

"आलो होतो. गेलो पन. चालत."

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्द मिळेना. ते उभे राहिले, "मी... ते..." म्हणाले आणि थांबले. ती शांतता किती लांब असते ते मला ठाऊक आहे. मी मदत केली नाही. मॅडमनीही केली नाही.

पप्पांनी जराशाने बाकाकडे नजर टाकली. "डॉक्टर हाय काय आत? आलोच हाय तर दाखवून जातो. पन चपला काढनार नाय."

"नाही, नाही, घालूनच या," सर म्हणाले.

पप्पा आत गेले. त्यांच्या चपलांचा आवाज बोळाच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. औषधं घेतील की फेकतील, ठाऊक नाही. परत येतील का, तेही नाही. अंगणात सर बूट उचलायला वाकले. ऊन होतं, आणि वाकायला त्यांना वेळ लागला. मी तो सगळा वेळ बघत होते.